टमी टकनंतरचं दुखणं आणि पहिले तीन महिने : अनुभव, प्रश्न, सल्ले

वाघबीळची

आज टमी टकला, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून स्नायू शिवायच्या ऑपरेशनला, अकरा आठवडे पूर्ण झाले. त्याआधी मी मराठीत भरपूर शोधाशोध केली होती. आधीचे-नंतरचे फोटो आणि खर्चाचे आकडे सोडले तर फारसं काही हाती लागलं नाही. रात्रीचे दोन वाजलेत, कूस बदलता येत नाही, घसा खवखवतोय, आता खोकला येणार हे कळतंय आणि भीतीनं घाम फुटलाय, अशा वेळी काय करायचं ते कुणीतरी आपल्या भाषेत सांगायला हवं होतं. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला, ज्यांना करायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

मागचं थोडक्यात. मला जुळी मुलं आहेत, आता पाच वर्षांची. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले ते परत जवळ आलेच नाहीत. उताणं झोपून मान उचलली की बेंबीच्या वर चार बोटं आत जायची. वर्षभर फिजिओथेरपी केली. पाठीला उपयोग झाला, पण फट आणि लोंबणारी कातडी तशीच राहिली. वजन दीड वर्ष स्थिर होतं, आणखी मूल नको हे नक्की होतं, म्हणून डिसेंबरात ठाण्यातच ऑपरेशन करून घेतलं.

आत काय करतात हे समजलं की दुखणं कुठून येतं ते कळतं. ओटीपोटावर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद घेतात. कातडी आणि चरबी पार बरगड्यांपर्यंत सोडवतात, फाकलेले स्नायू टाके घालून मधोमध आणतात, मग कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि शिवतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागीच असते, फक्त ओढलेल्या कातडीला तिच्यासाठी नवं भोक पाडतात. एवढी लांब जखम म्हणजे तीच दुखणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जखमेच्या वरची कातडी बधिर होती. दुखत होते ते आतले शिवलेले स्नायू. उठणं, वळणं, शिंकणं, मोठा श्वास घेणं, सगळं त्यांच्याच जिवावर चालतं हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

पहिला दिवस फसवा असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोटाच्या भिंतीतल्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे संध्याकाळी मी नर्सच्या आधारानं चार पावलं चालले आणि घरी फोनवर "काही नाही गं, सोपं आहे" असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो असर उतरला आणि दुखणं एकदम वर आलं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. मला वाटलं, आत टाका तुटला.

आता ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुपारची गोळी घेतलीच नाही. कारण सांगते. साबा (सासूबाई) मुलांना सांभाळायला गावाहून आल्या होत्या, नवऱ्यानं रजा काढली होती, आणि मी पडून होते ते माझ्या हौसेपायी, असं मला वाटत होतं. आपण मागून घेतलेलं दुखणं आहे, निदान निमूट सोसावं तरी. सीझरच्या वेळी "आई गं" म्हणायला लाज वाटली नव्हती. या वेळी वाटली. संध्याकाळी सहापर्यंत अशी अवस्था झाली की पलंगावरून उठता येईना, चालणं चुकलं, खोल श्वास घेतला की कळ यायची म्हणून वरवरचे श्वास घेत राहिले, रात्री बारीक ताप आला. सकाळी सर्जननी तपासलं आणि शांतपणे विचारलं, "गोळी का चुकवली?" मला रडू आलं. ते म्हणाले, दुखणं ताब्यात असेल तरच तुम्ही चालाल, खोल श्वास घ्याल, खोकून कफ बाहेर काढाल. पायात रक्ताची गुठळी होऊ नये, छातीत कफ साचू नये, यासाठी ते सगळं लागतं. गोळी हा उपचाराचाच भाग आहे.

बायांनो, हौसेचं असलं तरी दुखतं तेवढंच. माझ्यासारखं करू नका.

त्यानंतर आम्ही चौकटीची वही केली. वेळ, गोळी, ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) किती मिली, घरात किती फेऱ्या, पोट साफ झालं की नाही. पॅरासिटामॉल मोबाइलचा गजर लावून दर सहा तासांनी, दुखो न दुखो. ट्रॅमाडॉलची गोळी फक्त रात्री आणि फारच वाढलं तर, तीही पाचव्या दिवसापर्यंतच. (डोस ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा, माझा कुणी उचलू नका.) एक गोष्ट मात्र प्रत्येकानं बघावी. ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, साधारण ३२५ मिलीग्रॅम. वर ६५० ची गोळी चार वेळा आणि मधेच सर्दीचं औषध घेतलं की नकळत बेरीज वाढते. धडधाकट माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, यकृत कमजोर असेल तर त्याहूनही कमी. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

बाकी जे उपयोगी पडलं ते सुचेल तसं लिहिते. सपाट झोपायचं नाही. पाठ उंच आणि गुडघे वाकलेले, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. आमच्या बैठकीवरचा लोड गुडघ्याखाली गेला तो महिनाभर तिथेच होता. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन वर यायचं. खोकताना, शिंकताना पोटाशी उशी घट्ट धरायची. आणि घरच्यांना सांगून ठेवा, मिरचीची फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि पंखा सुरू. चौथ्या दिवशी मला फोडणीचा ठसका लागला तो मी जन्मात विसरणार नाही.

दवाखान्यातून घरी येताना गाडीत सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी घेतली होती. घोडबंदर रोडचे खड्डे आणि आमच्या गल्लीतले तीन गतिरोधक नवऱ्यानं बैलगाडीच्या वेगानं पार केले. रिक्षानं येण्याचा विचारही करू नका.

---

तलावपाळी

फार मनापासून लिहिलंत. वाचनखुणेत ठेवलं. माझी भर, कारण ती कुठेच वाचली नव्हती. माझं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. तिसऱ्या आठवड्यात पोट जड वाटत होतं म्हणून आईनं प्रेमानं शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. आपल्याकडे बाळंतिणीला शेकशेगडी देतातच, त्यात काही वावगं वाटलं नाही. बेंबीखालची कातडी बधिर होती, मला ऊब लागतच नव्हती म्हणून पिशवी तशीच राहू दिली. उठले तेव्हा दोन मोठे फोड आलेले. ती जखम भरायला मूळ टाक्यांपेक्षा जास्त दिवस गेले. आई आजही तो विषय निघाला की रडते. बधिर कातडीवर शेक नको आणि थेट बर्फही नको. चटका बसला तरी कळत नाही.

---

वाघबीळची

तलावपाळी, हे तुम्ही लिहिलंत ते किती बरं झालं. साबांनी आमच्याकडेही शेगडीची तयारी केली होती. ओवा-शेपाची धुरी, तेल लावून मालिश, सगळंच. त्यांना वाटत होतं की हे दुसरं बाळंतपणच आहे. सर्जननी त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा थांबल्या. पोट बांधायची त्यांची पद्धत मात्र ऑपरेशननंतर पोटाला लावायच्या पट्ट्याच्या रूपात चालू राहिली, त्याचं त्यांना समाधान.

---

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार. पुढच्या मंगळवारी बायकोचं ऑपरेशन आहे, वाशीला. नेमके प्रश्न विचारतो. १) ड्रेनचं घरी काय करायचं असतं? नळी पाहून मला चक्कर येईल की काय अशी भीती आहे. २) एप्रिलच्या उकाड्यात तो पट्टा दिवसभर कसा सहन करायचा? ३) मी किती दिवस रजा काढू?

---

वाघबीळची

ऐरोलीदादा, ड्रेन दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा फुगा असतो. हात धुऊन झाकण उघडायचं, मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा, मग फुगा दाबून चपटा करायचा आणि तसाच दाबलेला असताना झाकण लावायचं. तो चपटा राहिला तरच आतलं पाणी ओढतो. पहिले दोन दिवस रंग लाल असतो, मग गुलाबी, पुढे सोनकेळ्याच्या सालीसारखा पिवळट. बहुतेक डॉक्टर चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की काढतात. माझा एक नवव्या दिवशी निघाला, दुसरा बाराव्या. काढताना आतून गांडूळ सरकल्यासारखं वाटतं, पाच सेकंदांचं काम. उतरलेला रंग एकदम पुन्हा लालभडक झाला किंवा फुगा तासाभरात भरला तर वाट न बघता फोन करायचा.

पट्ट्याच्या आत पातळ सुती बनियन, बिनशिवणीचा, नाहीतर उलटा घालून. शिवण आत आली की कातडीवर वळ उठतात आणि बधिरपणामुळे कळत नाही. दोन पट्टे घ्या, एक धुवायला. पट्टा इतकाही घट्ट नको की जेवण जाईना किंवा श्वास लागेल.

रजा दोन आठवडे काढा. पहिला आठवडा तर पूर्ण तुम्हीच हवे. आणि एक विनंती. गोळी हवी का असं तिला विचारू नका. वेळ झाली की पाण्याच्या पेल्यासह हातात द्या. विचारलं की आम्ही बायका "नको, बरं आहे" म्हणतो.

---

सीवूड्स_पूर्व

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नवी मुंबईत काम करते. धाग्यातला शेवटचा मुद्दा छापून दवाखान्यात लावावा असा आहे. चार गोष्टी माझ्याकडून.

पहिले दहा-बारा दिवस कमरेतून वाकूनच चालायचं असतं, कातडी ताणलेली असते म्हणून. त्यामुळे पोटापेक्षा पाठ जास्त दुखते असं पेशंट सांगतात, आणि ते खरं असतं. ताठ होण्याची घाई करू नका. वॉकर वापरायला लाजू नका. घरात वॉकर नसेल तर ओट्याला किंवा टेबलाला हात टेकून थांबत थांबत चाला.

पडल्या पडल्या जागेपणी दर तासाला पायाचे घोटे वर-खाली वीस वेळा. तीन बॉलचं श्वासाचं यंत्र देतात, त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. अर्धे लोक उलटं करतात.

जेवढं सांगावं तेवढं कमी असा मुद्दा : एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर ते ऑपरेशनचं नेहमीचं दुखणं समजू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा, दिवस असो की रात्र. ताप चढत गेला, जखमेला वास आला, कडा काळसर पडल्या, एका बाजूचं दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढत गेलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. या ऑपरेशनचं दुखणं हळूहळू का होईना, उतरत जायला हवं.

पोटाचे व्यायाम सहा आठवड्यांआधी नाहीत, आणि सुरुवात सर्जनच्या परवानगीनंतर श्वासापासून. यूट्यूब बघून क्रंचेस तर नकोच.

---

नेरुळकर

पुरुषही हे ऑपरेशन करतात, म्हणून लिहितो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर माझं ४८ किलो वजन उतरलं आणि पोटावर कातडीची झालर राहिली. घामानं तिच्या घडीत सारखा बुरशीचा त्रास. माझे ड्रेन निघाले आणि आठवड्यानं पोटावर हात ठेवला की पाण्याच्या पिशवीसारखी लाट जाणवायला लागली. त्याला सेरोमा म्हणतात. सर्जननी ओपीडीतच सुईनं पाणी काढलं, पुन्हा पाच दिवसांनी काढलं, मग थांबलं. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही, कातडी बधिरच होती. घाबरण्यासारखं नाही, पण अंगावर काढू नये.

सिगारेट ओढणाऱ्यांसाठी : मला सर्जननी ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद सांगितली होती, तंबाखू-मिश्रीसकट. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही, ती मरते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी ऐकलं नव्हतं. त्यांची जखम मधोमध उघडली ती अडीच महिने ड्रेसिंग चालू होतं. ते बघून मी जी सोडली ती सोडलीच.

सध्या रोज सकाळी ज्वेलला (नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान) दोन फेऱ्या मारतो. पहिली पूर्ण फेरी पाचव्या आठवड्यात जमली.

---

मोगरा

प्रामाणिकपणे विचारते, राग मानू नका. इतकं सोसायचं, ते दिसण्यासाठी? व्यायाम आणि आहारानं होणार नाही का? मला लेकीला काय सांगावं ते कळत नाही, ती चोविसाव्या वर्षी हे करायचं म्हणतेय.

---

वाघबीळची

मोगराताई, राग कसला. मलाही हाच प्रश्न आईनं विचारला होता. चरबी व्यायामानं उतरते. लोंबलेली कातडी व्यायामानं आखडत नाही, आणि खूप फाकलेले स्नायू प्रत्येकीचे जुळत नाहीत. माझे नाही जुळले. पाठदुखीमुळे मी मुलांना कडेवर घेऊ शकत नव्हते, हे एक कारण. आरशात बघून वाईट वाटायचं हे दुसरं, आणि तेही मी लपवणार नाही.

पण तुमच्या लेकीचं वेगळं आहे. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. चोविसाव्या वर्षी, पुढे मूल हवं असेल तर चांगला सर्जन स्वतःच थांबायला सांगेल, कारण गरोदरपणात ते टाके आणि कातडी पुन्हा ताणली जाते. तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा आणि हा प्रश्न त्यांनाच विचारा. तिला वाटू दे की आई माझ्या बाजूची आहे.

---

पारसिकचा_डोंगर

विम्याचं काय? कॅशलेस मिळतं का?

---

नेरुळकर

केवळ दिसण्यासाठी असेल तर नाही. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या ठरलेल्या वगळण्यांत आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तरच विचार होतो, आणि ती गरज डॉक्टरांनी लेखी द्यावी लागते. हर्निया असेल तर आधीच लेखी विचारून घ्या.

---

तलावपाळी

पोट साफ होण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते. ट्रॅमाडॉलनं आतडी सुस्तावतात, चालणं कमी, पाणी कमी, आणि कुंथायची तर मनाई. मला पाच दिवस झालं नाही, तो त्रास टाक्यांपेक्षा वाईट होता. पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांकडून रेचक मागून घ्या. भरपूर पाणी, पेज, मऊ मुगाची खिचडी, पपई, ताक. इसबगोल घेतलंत तर त्यावर पाणी भरपूर हवं, नाहीतर उलट घट्ट होतं. डिंकाचे लाडू, वाटाणे, हरभऱ्याची उसळ नंतर. पोट फुगलं की शिवलेल्या स्नायूंवर आतून ताण येतो. कमोड हवाच, उकिडवं बसणं महिनाभर तरी विसरा. घरी नसेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते.

---

ऐरोली_सेक्टर८

धागा वर काढतोय. मंगळवारी ऑपरेशन झालं. आज गुरुवार, रात्रीचे सव्वादोन. तुम्ही लिहिलं होतंत तसंच दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं. ते आधी वाचलेलं असल्यामुळे आम्ही दोघंही घाबरलो नाही. आता मात्र ती म्हणतेय गोळी नको, मळमळतंय. काय करू? ताप नाही, श्वास बरा आहे, ड्रेनमध्ये दिवसभरात ९० मिली, लाल-गुलाबी.

---

सीवूड्स_पूर्व

जागी आहे म्हणून लिहिते. वॉर्डचा किंवा सर्जनचा रात्रीचा नंबर डिस्चार्ज कार्डावर असेल, त्यावर आत्ताच फोन करा, संकोच करू नका. ट्रॅमाडॉलनं मळमळ होते, त्याला गोळी असते किंवा औषध बदलतात, पण ते त्यांनी ठरवायचं. उलटीचा जोर पोटावर येऊ देऊ नका. तोवर पाठ उंच, पोटाशी उशी, घोट घोट पाणी.

---

ऐरोली_सेक्टर८

फोन केला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मळमळीची गोळी सांगितली, ती दवाखान्यानं दिलेल्या पिशवीत आधीच होती. ट्रॅमाडॉल आजच्या रात्री बंद, फक्त पॅरासिटामॉल. पावणेचारला झोप लागली. सकाळी मला म्हणाली, "तुला उगाच जागवलं." मी तिला वाघबीळताईंची ती ओळ वाचून दाखवली, हौसेचं असलं तरी दुखतं तेवढंच. बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, आठची गोळी दे.

---

वाघबीळची

दादा, वाचून डोळे भरून आले. तिला माझा नमस्कार सांगा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस कारण नसताना रडू येईल, पोट सुजलेलं दिसेल आणि "हेच करायला गेले होते का" असं वाटेल. तेव्हा तिला सांगा की सूज उतरायला तीन महिने तर लागतातच, पूर्ण जायला वर्षही लागू शकतं. माझं पोट आजही सकाळी सपाट आणि संध्याकाळी सातला जीन्सचं बटण लागत नाही असं असतं.

---

तलावपाळी

वाघबीळताई, मे महिन्यात घरात लग्न आहे म्हणाला होतात ना विपुत (विचारपुशीत)? साडीबद्दल सांगायचं राहिलं. परकराची नाडी बधिर भागावर करकचून बांधली गेली तरी कळत नाही. मला संध्याकाळी लाल वळ दिसला तो चार दिवस गेला नाही. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या, निऱ्या थोड्या वर खोचा. व्रणावर सिलिकॉन जेल लावत असाल तर ते आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर कापड चिकटतं.

---

वाघबीळची

हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. गोखले रोडला उद्याच जाते परकराचं माप द्यायला.

---

ऐरोली_सेक्टर८

अकरावा दिवस. दुसरा ड्रेन आज निघाला. येताना ऐरोलीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती उशी पोटाशी धरून खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, भूक लागलीय, मेतकूट-भात करशील का? फोडणी न देता.